पनवेलची भरती, नारायणगावची बाटली

दोनशे वर्षांपूर्वी पुण्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला प्रवासाचा शेवटचा टप्पा पाण्यावरून करावा लागे. तळेगाव, कार्ला करत कुसगाव-वलवणचा परिसर ओलांडायचा, खंडाळ्याला दम खायचा, बोरघाट उतरायचा, नाना फडणविसांनी खोपोलीला बांधलेल्या तळ्यापाशी जनावरांना पाणी दाखवायचे आणि चौकावरून पनवेल गाठायचे. तिथल्या बंदरात मग भरतीची वाट पाहत बसायचे. पनवेलची खाडी गाळाची. ओहोटीला होडी चिखलात रुतली की मालक असो वा हमाल, सगळे सारखेच अडकत. पाणी चढले की मचवा सुटे. उजव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी, डावीकडे न्हावा आणि घारापुरी, समोर मुंबई. भरती संध्याकाळची असली तर सूर्यास्त पाण्यावर होई आणि जेवणही पाण्यावरच. सोबत शिदोरी नसेल तर उपास.

आज गेटवे ऑफ इंडियावरून संध्याकाळी यॉट भाड्याने घ्यायची, बंदरात दोन-तीन तास फिरायचे, ताटातल्या प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाईन घ्यायची, असा बेत करणारी मंडळी आहेत. जाहिरातीत तो परदेशातून नुकताच उतरलेला शौक म्हणून येतो. पण बोट, जेवण आणि वाईन या तिन्ही गोष्टी मुंबई बंदरात जुन्याच आहेत. त्या वेगवेगळ्या काळात आल्या, वेगवेगळ्या लोकांसाठी आल्या, आणि बराच काळ एकमेकींपासून लांब राहिल्या. त्यांना लांब ठेवणारे दोघे होते : पावसाळा आणि सरकार.

पनवेलच्या वाटेने गेलेल्या काही परदेशी पाहुण्यांनी प्रवासवर्णने लिहून ठेवली. लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला भेटायला याच मार्गाने पुण्याला गेला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम गेली, वाटेत कार्ल्याची लेणी पाहून गेली. बिशप हेबर १८२५ मध्ये ऐन पावसाळ्यात निघाला, म्हणजे खाडीतले वारे आणि घाटातला चिखल दोन्ही त्याच्या वाट्याला आले. उलट दिशेने, म्हणजे मुंबईहून वर, पुण्या-खडकीच्या छावण्यांचा माल याच वाटेने जाई आणि त्यात दारूची पिंपे असत. सर जॉन माल्कमने १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला तेव्हा ओझ्याच्या बैलांची जागा चाकांनी घेतली. पाण्याचा टप्पा मात्र तसाच राहिला. तो संपवला रेल्वेने. १८५८ मध्ये पुण्याकडून रूळ खंडाळ्यापर्यंत आले, खाली खोपोलीपर्यंत मुंबईची गाडी आधीच पोचली होती, आणि मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून, पायी पार करत. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावली आणि पुणेकर प्रवाशाचे पनवेलच्या भरतीशी असलेले नाते तुटले.

छावण्यांकडे जाणाऱ्या त्या पिंपांत काय असे? बहुतेक वेळा मदेरा. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिंदुस्थानाकडे येताना अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर थांबत, पाणी भरत आणि वाईन भरत. इतर वाईन विषुववृत्ताच्या उकाड्यात नासत. मदेरा मात्र जहाजाच्या पोटात हेलकावे खात, तापत-निवत सुधारत जाई. सफर करून आलेल्या पिंपाला युरोपात जास्त भाव मिळू लागला, इतका की नुसती चव यावी म्हणून काही पिंपे जहाजातून फिरवून परत नेली जात. उष्ण कटिबंधाने सुधारलेली दारू असे तिचे वर्णन करायला हरकत नाही.

त्याआधी सुरतेच्या वखारीत इराणच्या शिराझची वाईन चाले. १६८९ मध्ये तिथे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन सांगतो की वखारीच्या प्रमुखाच्या मुदपाकखान्यात इंग्रज, पोर्तुगीज आणि देशी असे तीन तऱ्हांचे स्वयंपाकी होते आणि टेबलावर शिराझची वाईन नि अरक यांची रेलचेल होती. म्हणजे पुलाव आणि वाईन एका टेबलावर येण्याला सव्वातीनशे वर्षे उलटून गेली. याच ओव्हिंग्टनने मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशा अर्थाची म्हण नोंदवली आहे. हवा वाईट होती हे खरेच, पण अशा जेवणावळींचा हातभारही थोडा असणार.

वाईन थंड कशी करायची हा मोठा प्रश्न होता. सोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवायची किंवा ओले फडके गुंडाळून वाऱ्यावर टांगायची, एवढेच उपाय. मग १८३० च्या दशकात अमेरिकेच्या बोस्टनहून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने येऊ लागला. गोठलेल्या तळ्यांचे ठोकळे कापून अर्धी पृथ्वी ओलांडून आणायचे आणि मुंबईत विकायचे, हा व्यापार काही दशके फायद्यात चालला. बंदराजवळ त्यासाठी घुमटाकार बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली, ही त्या काळची गाजलेली बातमी.

मुंबई बंदरातली सर्वांत थाटाची संध्याकाळ नोव्हेंबर १८७५ मधली. इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईत उतरला होता. त्याला बोटीने घारापुरीला नेले आणि लेण्यातच मेजवानी दिली. दिव्यांनी उजळलेल्या दगडी खांबांमध्ये टेबले मांडली होती. परतताना बंदरातली जहाजे रोषणाईने लखलखत होती. बोट, भोजन, मद्य, दिवे, सगळे जुळून आलेले. ज्या शिल्पांवर पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजी केल्याचे सांगतात, त्याच शिल्पांच्या पायाशी इंग्रजांनी पंगत बसवली. शिवाच्या लेण्यात काटेचमचे वाजले याबद्दल मुंबईकरांना काय वाटले असेल, हे कल्पनेनेच जाणायचे.

असा समारंभ एकदाच झाला. त्याची रोजची, छोटी आवृत्ती अपोलो बंदरावर चाले. संध्याकाळी तिथे हवा खायला गाड्यांची रांग लागे. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लबने पुढे तिथेच घर केले. शिडाच्या नौका, हिरवळीवरचा बँड आणि पेले, हे सगळे गोऱ्यांपुरते. हिंदी माणसाला आत प्रवेश नव्हता. १९०३ मध्ये त्याच्याच शेजारी ताजमहाल हॉटेल उघडले आणि १९२४ मध्ये गेटवेची कमान पुरी झाली. आजच्या सहलींची बोट सुटते ती याच कमानीच्या पायऱ्यांवरून.

या झगमगाटापासून दूर, भाऊच्या धक्क्यावर, दुसरेच बंदर नांदत होते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का कोकणी माणसाचा. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी रेवस, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, गोवा अशा बंदरांना जात. डेकवर चटई अंथरून, ट्रंकेला टेकून बसलेल्या चाकरमान्याचे जेवण म्हणजे फडक्यात बांधलेली भाकरी. समुद्र खवळला आणि बोट लागली की तीही नको वाटे. दाभोळ-मालवणकडे बोट किनाऱ्याला लागत नसे. मचव्यात उडी मारून उतरावे लागे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येच्या सुमारास, घरी सण करायला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली ‘रामदास’ रेवसच्या वाटेवर कलंडली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. कोकणातल्या कित्येक घरांत आजही बोटीचा प्रवास म्हटले की आधी हे नाव निघते. ज्या समाजाची समुद्राशी ओळख अशी, त्याने पाण्यावरच्या मेजवानीकडे उशिरा पाहिले यात नवल नाही.

आणि पाहिले असते तरी पेला रिकामाच राहिला असता. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाचे मोठे भांडवल. त्यामुळे घरातूनच विरोध झाला. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी सैलावली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात बंदी झाली. बलसारा नावाच्या नागरिकाने त्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलपुरता कायदा बाजूला सारून बाकीचा कायम ठेवला.

दारूबंदीत बंदराचा वेगळाच उपयोग झाला. दमण आणि गोवा पोर्तुगिजांकडे होते, तिथे दारू मोकळी होती आणि समुद्रावर कुंपण घालता येत नव्हते. तिकडून होड्यांतून माल येई. शहरात हातभट्ट्या आणि ‘आंटी’चे अड्डे फोफावले. साठ आणि सत्तरच्या दशकांत सरकारने हळूहळू दोर सैल केला, पण कायदा रद्द केला नाही. परवाना घेऊन प्यायची मुभा दिली. उपाहारगृहांवरच्या ‘परमिट रूम’ या पाट्या त्याच कायद्याची आठवण. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. किती जण तो खिशात बाळगतात हा प्रश्न सभ्यपणे कुणी विचारत नाही.

मुभा मिळाली तरी मिळायचे काय, तर साखर कारखान्यांच्या मळीपासून गाळलेली दारू. द्राक्षे भरपूर होती, नाशकात, सांगलीत, सोलापुरात, जुन्नरात. पण ती खायची किंवा बेदाण्याची. वाईन करायचे धाडस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाले ते पुणे जिल्ह्यातच, शिवनेरीच्या परिसरातल्या नारायणगावला. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रान्समधल्या पायपर-हायडसिक या शँपेन घराण्याचे तंत्रसाह्य घेऊन तिथे कारखाना काढला. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेसाळ वाईन करायची फ्रेंच रीत त्यांनी आणली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने विकली गेली. नारायणगाव तोवर महाराष्ट्राला माहीत होते ते तमाशाच्या फडांसाठी आणि विठाबाईंसाठी. आता तिथली बाटली युरोपातल्या दुकानात पोचली. पुढे कंपनीने झपाट्याने पसारा वाढवला, कर्जे वाढली आणि २०१० च्या सुमारास सगळा डोलारा कोसळला. पण महाराष्ट्राच्या मातीत पिण्याजोगी वाईन होते हे नारायणगावने दाखवून दिले होते, आणि तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

त्या पायवाटेवर नाशिकने रस्ता केला. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीत त्यांनी वाईनची द्राक्षे लावली, आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव घेतले आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झाले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क ठरले. अकलूजला मोहिते-पाटील आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून ‘फ्रातेली’ उभी केली. दौंड तालुक्यातल्या रोटीलाही वाईनरी आली. ज्या राज्याने दारूबंदीचा कायदा जपून ठेवला, त्याच राज्याने वाईन हा शेतीमाल ठरवून तिला कडेवर घेतले. हा विरोधाभास मराठी राजकारणाला आजवर सुटलेला नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाईन ही दारू की नव्हे यावर राज्यभर खडाजंगी झाली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही.

इथे पावसाळ्याकडे परत यावे लागते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि द्राक्षे सप्टेंबरच्या आसपास काढतात. महाराष्ट्रात वेलीला झोप नाही, तिला कात्रीने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाईनच्या द्राक्षांची तोडणी. पाऊस फळावर पडला तर बुरशी. म्हणून सारे वर्ष पावसाला चुकवण्याभोवती फिरते. बंदरातल्या सहलीच्या बोटींचे पंचांगही हेच आहे. मे सरताना गेटवेवरच्या मांडवा फेऱ्या थांबतात, कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग हळूहळू पाणी खुले होते. बागाईतदार गोडी छाटणीची कात्री उचलतो, तेव्हाच तिकडे बोटींचे हंगामी रंगकाम उरकलेले असते. बाग आणि बोट यांना एकच मालक, आणि तो अरबी समुद्रावरून येतो.

पदार्थ आणि वाईन यांच्या जोड्या लावण्याच्या बाबतीत फ्रेंच पुस्तके इथे फारशी कामाची नाहीत. तिखटाने तोंड भाजलेले असताना तुरट लाल वाईन घेतली की जळजळ वाढते. अल्कोहोलही तिखटाला चेव आणते. म्हणून कोकणी ताटाला थंड, हलकी, किंचित गोडसर शेनिन ब्लां बरी. कुरकुरीत बोंबलाला किंवा तव्यावरच्या सुरमईला लिंबू पिळतात त्या जागी आंबटसर सॉव्हिन्यों ब्लां चालते. सुक्या मटणाला शिराझ चांगली जमते. नाव तेच, पण सुरतेच्या वखारीतल्या इराणी वाईनशी या फ्रेंच वाणाचा रक्तसंबंध नाही. सोलकढीशी मात्र कुठल्याच वाईनने स्पर्धा करू नये. आमसुलाच्या आंबटाणापुढे बहुतेक वाईन पाणचट लागतात, आणि तशीही सोलकढी जेवणाच्या शेवटीच शोभते.

गोव्यात बोट, जेवण आणि वाईन एकत्र आणणे केव्हाच सोपे होते. दारूबंदी नाही, कर कमी, आणि पणजीपुढे मांडवीचे शांत पाणी. गोवा पर्यटन विकास महामंडळाची ‘सांता मोनिका’ वर्षानुवर्षे संध्याकाळी तासाभराची फेरी मारते; डेकवर देखणी, फुगडी आणि कोरिदिन्यो नाच होतात, गोड पोर्ट वाईनचे पेले फिरतात. पुढे त्याच नदीत तरंगते कॅसिनो आले आणि मांडवीची संध्याकाळ पत्त्यांच्या टेबलांनी बळकावली. मुंबईची कायदेशीर तटबंदी जाचक खरी, पण तिने बंदराला निदान त्या गर्दीपासून वाचवले.

मुंबईचे प्रयोग अडखळत चालले. नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले, त्यानंतर बंदरातल्या प्रत्येक बोटीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. वांद्र्याजवळच्या समुद्रातले एक तरंगते उपाहारगृह मे २०१८ मध्ये बुडाले; सुदैवाने माणसे वाचली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली, म्हणजे कोकण बोटीच्या जुन्या मार्गावर पलंग, पोहण्याचा तलाव आणि रात्रीचे जेवण. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. गाडीसकट चढायचे, वर वातानुकूलित सज्जात चहा-नाश्ता करायचा आणि तासाभरात पलीकडे. ‘रामदास’च्या मार्गाला इतकी सुखाची बोट मिळायला सत्तरहून अधिक वर्षे लागली.

पनवेलची खाडी ओलांडायला आता पूल आहेत. पुणे जिल्ह्यातली वाईन आता ट्रकने घाट उतरते. घाटाला टाळून कुसगावला निघणारा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा तेरा किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ही आखला गेला. एके काळी दोन-तीन दिवस आणि एक भरती खाणारी ही वाट आता काही तासांची आहे.

यॉटवरच्या संध्याकाळचा बेत करायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा; समुद्र शांत असतो, उकाडा नसतो आणि वाईन पेल्यात गरम होत नाही. पण १८ डिसेंबर २०२४ ची दुपार विसरू नये. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जण गेले. समुद्र शांत होता, दिवस उजेडाचा होता, आणि तरीही बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तेव्हा बोटवाल्याला आधी विचारा की महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना किती माणसांचा आहे, जॅकेटे किती आहेत आणि मद्य वाढण्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे. जॅकेट अंगात घाला, फोटो बिघडला तरी चालेल. शेनिन ब्लां त्यानंतर उघडा.